सात की साठ?

सकाळी पावणेआठ. एमआयडीसीतल्या कारखान्यांची पहिली पाळी लागून गेलेली असते; कुपवाडच्या आमच्या 20 खाटांच्या दवाखान्यात माझी पाळी आता लागते. रात्रीच्या सिस्टरकडून ओव्हर घ्यायची ती टेबलाशी बसून नाही, एकेका खाटेपाशी उभं राहून. कागदावर 'सलाईन चालू' असतं, जवळ गेलं की सुजलेला हात दिसतो. शिवाय आमचं बोलणं पेशंटच्याही कानावर पडतं. आज चौथ्या खाटेवरच्या आजी मध्येच म्हणाल्या, "मागं सल्फाच्या गोळीनं माझ्या अंगावर गांध्या उठल्या हुत्या बघा." केसपेपरवर ते नव्हतं. लाल पेनानं सगळ्यात वर लिहिलं.

सव्वाआठ. नाश्त्याआधीचं इन्शुलिन. वॉर्डात आज दोन पाटील आहेत, तेही शेजारीशेजारी. "पूर्ण नाव सांगा काका." "काल सांगितलं की ओ ताई, किती वेळा विचारतासा?" मी तरी विचारतेच. "तुम्ही अमुकच ना?" म्हटलं की अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्या तोंडून आलं पाहिजे.

मग कुपी उजेडात धरते. इन्शुलिन दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटचं आणि 100 युनिटचं. 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला नारिंगी. लाल आणि नारिंगी. घाईच्या वेळी किती जवळचे रंग! 100 च्या कुपीतून लाल सिरिंजमध्ये 10 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात 25 युनिट जातात.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात नोकरीला असताना. नातेवाइकांनी औषधाच्या दुकानातून आणलेली कुपी 100 ची होती, मी नेहमीची लाल सिरिंज उचलली. तासाभरात ते पेशंट घामानं निथळले, बोलणं तुटक झालं. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर सावरले. वरिष्ठ मला एवढंच म्हणाल्या, "फायलीत काही लिहू नकोस." मी लिहिलं नाही. दोन आठवड्यांनी दुसऱ्या एका मुलीच्या हातून तेच झालं. मी लिहिलं असतं, बोलले असते, तर तिनं कुपी फिरवून बघितली असती. चुकीपेक्षा त्या गप्प बसण्याची मला आजही जास्त लाज वाटते.

म्हणून इथं टेबलावर एक वही आहे. झालेली चूक आणि होता होता राहिलेली चूक, दोन्ही तिच्यात लिहायच्या. कोणाचं नाव घालायचं नाही.

साडेदहा. डॉक्टरांचा फोन, पंपावरच्या औषधाचा वेग बदलायचा. सात की साठ? फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. मी लिहिते आणि वाचून दाखवते, "सर, सहा-शून्य की नुसता सात?" "नुसता सात." तोंडी सांगितलेलं वाचून दाखवल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते.

बारा. प्रेसमध्ये हात सापडलेला मुलगा. दोन बोटं गुंडाळलेली, शस्त्रक्रिया एकाची. कागदावर 'उजवं दुसरं बोट'. दुसरं म्हणजे कुठलं? अंगठ्यापासून मोजलं तर तर्जनी, अंगठा सोडला तर मधलं. मुलगा जागा असतानाच त्याला दाखवायला लावलं, डॉक्टरांनी पेनानं खूण केली, कागदावर 'तर्जनी' असं अक्षरात आलं.

ओटीच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची 2008 सालची 19 कलमांची यादी आहे. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबून मोठ्यानं विचारायचं. तिच्यामागे सर्जन अतुल गावंडे होते. दिल्लीसह 8 शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. एका कागदानं! चार मिनिटं जातात म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी हेच आकडे सांगते.

तीन. एका पेशंटला मिरजेला पाठवलं. सोबत चिठ्ठी: कुठलं औषध, किती, किती वाजता. तिथल्या सिस्टरकडून ते पुन्हा दिलं जाऊ नये.

सहा. सिलिंडरचे काटे बघितले, मागच्या दाराचं कुलूप काढून ठेवायला मामांना सांगितलं. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. तेव्हापासून या दाराशी मी रोज जाते, सुट्टीच्या दिवशी फोन करून विचारते.

आठ. पुन्हा खाटेखाटेनं ओव्हर. शेवटी रात्रीच्या सिस्टरनं वही उघडली. आजची नोंद सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीच्या अक्षरात होती: "40 च्या कुपीला नारिंगी सिरिंज उचलली. टोचण्याआधी लक्षात आलं. दोन्ही एकाच खणात होत्या." सकाळी माझ्याजवळ येऊन तिनं हे स्वतः सांगितलं होतं, आवाज कापत होता.

रात्रीच्या सिस्टरनं वाचलं, खण ओढला आणि नारिंगी सिरिंज सगळ्या वेचून वेगळ्या डब्यात भरल्या.

"ताई, वरच्या खणात ठेवू?"

"वरच्याच ठेव. आणि डब्यावर 100 लिही, मोठं."