दिल्याने वाढणारी फाईल

एका वर्गात चाळीस मुले होती. सरांनी चाळीस पानांची एक पुस्तिका आणली. प्रत्येकाला तिची प्रत हवी होती. पण पुस्तिका एकच! सर्वांनी सरांपुढे रांग लावली असती, तर शेवटच्या मुलाची पाळी कधी आली असती?

सरांनी एक युक्ती केली. त्यांनी पाने सुटी केली आणि प्रत्येकाला एक वेगळे पान उतरवायला दिले. मग ते म्हणाले, "आता माझ्याकडे येऊ नका. आपल्याजवळ असलेले पान दुसऱ्याला द्या आणि नसलेले त्याच्याकडून घ्या." थोड्याच वेळात वर्गभर देवाणघेवाण सुरू झाली.

संगणकांचेही असेच आहे. एरवी आपण एखाद्या मोठ्या संगणकाकडून फाईल घेतो. त्याला सर्व्हर म्हणतात. मागणारे वाढले, की त्याच्यावरचा भार वाढतो आणि काम मंदावते. दुसऱ्या पद्धतीत सर्व संगणक बरोबरीचे असतात. प्रत्येक जण घेतो आणि देतोही. येथे माणसे वाढली, की देणारेही वाढतात.

१९९९ साली अमेरिकेतील शॉन फॅनिंग या तरुणाने 'नॅपस्टर' सुरू केले. त्यात गाणी एका संगणकातून थेट दुसऱ्या संगणकात जात. कोणाकडे कोणते गाणे आहे, याची यादी मात्र नॅपस्टरच्या सर्व्हरवर असे. गाण्यांच्या मालकांची परवानगी नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००१ साली ही सेवा बंद पडली.

त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी 'बिटटोरेंट' तयार केले. त्यात फाईलचे लहान लहान तुकडे करतात. ७०० मेगाबाइटची फाईल घेतली आणि २५६ किलोबाइटचा एक तुकडा केला, तर २८०० तुकडे होतात. कोण हजर आहे, हे सांगणाऱ्या संगणकाला ट्रॅकर म्हणतात. तो जणू वर्गाचे हजेरीपत्रक! त्याच्याजवळ फाईल नसते, फक्त पत्ते असतात.

आता पुन्हा वर्गात जाऊ या. सातवे पान फक्त सलमाकडे होते. मुलांनी आधी शेजाऱ्यांची पाने उतरवली. इतक्यात सलमाला घरी बोलावणे आले. ती तशीच गेली असती, तर सर्वांच्या प्रती अपुऱ्या राहिल्या असत्या! सर म्हणाले, "आधी सलमाचे पान उतरवा. बाकीची पाने पुष्कळांजवळ आहेत." बिटटोरेंटही सर्वांत दुर्मिळ तुकडा आधी घेते.

कोणी चुकीचे पान दिले तर? प्रत्येक तुकड्याची गणिताने काढलेली एक खूण आधीच दिलेली असते. अंगठ्याचा ठसा जुळवावा, तशी ती जुळवून पाहतात. जुळली नाही, तर तो तुकडा टाकून देतात.

आणि कोणी नुसतेच घेतले, दिले काहीच नाही तर? जो आपल्याला देतो, त्याला संगणक आधी देतो. पण नवख्याजवळ द्यायला काहीच नसते. म्हणून साधारण दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्या संगणकालाही संधी मिळते. ज्याच्याजवळ पूर्ण फाईल आहे आणि तरी जो वाटत राहतो, त्याला सीडर, म्हणजे बी पेरणारा, म्हणतात. असा एकही उरला नाही आणि एखादा तुकडा कोणाजवळच नसला, तर कोणालाच पूर्ण फाईल मिळत नाही.

मुलांनो, युक्ती चांगली आहे. पण वस्तू कोणाची, हे पाहायला हवे. लिनक्ससारखी मोफत प्रणाली तिचे निर्माते स्वतःच या पद्धतीने वाटतात. त्यात काही गैर नाही. मात्र एखादा चित्रपट किंवा गाणे तयार करायला अनेकांचे श्रम लागतात. जाणूनबुजून, मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रती वाटणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. येथे घेणाराही वाटत असतो, हे विसरू नका.

आपले आहे ते मोकळ्या मनाने द्यावे. दुसऱ्याचे मात्र विचारूनच घ्यावे.

स्वाध्याय
१. सलमाचे पान आधी उतरवणे का गरजेचे होते?
२. ट्रॅकरला हजेरीपत्रक का म्हटले आहे?
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : दुर्मिळ, अपुरा, नवखा.