मोटारीच्या चाकांची पाळी

तुमची चप्पल उलटी करून पाहा. टाच सगळीकडून सारखी झिजलेली नसते. कोणाची बाहेरच्या अंगाने झिजते, कोणाची आतल्या. माणूस जसा चालतो तशी चप्पल झिजते. मोटारीच्या टायरांचेही तसेच आहे. पण डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालता येत नाही. मोटारीचे पुढचे चाक मात्र मागे लावता येते आणि मागचे पुढे. हे काम पाळीपाळीने का करावे, ते आम्ही येथे सांगत आहोत.

मुंबईच्या उत्तरेला मिरारोड स्टेशन आहे. स्टेशनच्या पूर्वेला शांती नगर ही मोठी वसाहत आहे. गावाकडून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे या भागात राहतात. कोणी नोकरी करतो, कोणी भाड्याची मोटार चालवतो. इमारतींची दाटी आहे. मोटार उभी करायची म्हणजे दोनदा पुढे घ्या, दोनदा मागे घ्या. गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवले की पुढची चाके रस्त्यावर घासतात. कागदावर खोडरबर घासावे तशी. रोजचे हे घासणे डोळ्यांना दिसत नाही.

मग भाद्रपद येतो. तीच मोटार घेऊन मंडळी गणपतीला कोकणात निघतात. ठाणे, पनवेल, पेण, महाड, पोलादपूर. चिपळूणपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या घरात अंतर. वरून पाऊस. आत म्हातारी माणसे आणि पोरेबाळे. मोटारीचा एक टायर रस्त्याला किती टेकतो, ठाऊक आहे का? सुमारे तळहाताएवढा. चार तळहातांवर सगळे घर चाललेले असते.

आता पुढचे टायर आधी का झिजतात ते पाहू. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन पुढे असते. त्याचे ओझे पुढच्या चाकांवर येते. इंजिनाची ताकदही पुढच्याच चाकांना मिळते. वळायचे काम तीच करतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे लोटतो, तोही तीच झेलतात. मागची चाके नुसती मागून येतात. एकाच घरात एका सुनेने सगळे काम करावे आणि दुसरीने बसून राहावे, तसा हा प्रकार. पुढचे टायर गुळगुळीत होतात, तेव्हा मागचे अजून बरे असतात.

टायरवर खाचा असतात. ती शोभेची नक्षी नव्हे. ओल्या रस्त्यावर चाकाखाली पाणी येते. ते पाणी या खाचांतून बाहेर पडते आणि रबर रस्त्याला धरून राहते. खाच झिजली की पाण्याला वाट मिळत नाही. वेग असला तर टायर पाण्यावर तरंगतो. मग ब्रेक दाबा की स्टेअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही. शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर पाय सरकतो ना, तसेच हे.

नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, असा आपल्या देशात नियम आहे. मोजायला पट्टी नसली तरी चालते. खाचेच्या तळाशी मध्ये मध्ये लहान उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की तो टाकून द्यावा. 'अजून एक पावसाळा निघेल' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग २०२२ सालापासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तेथे टायर फुटून अपघात झाले. तेव्हा २०२३ साली परिवहन खात्याच्या माणसांनी त्या रस्त्यावर गाड्यांचे टायर तपासायला घेतले. झिजलेल्या टायरांच्या गाड्या त्यांनी परत पाठवल्या.

चाके बदलायची कशी? पुढच्या चाकांना ताकद मिळणारी गाडी असेल, तर पुढची दोन्ही चाके सरळ मागे न्यावीत. मागची पुढे आणताना बाजू बदलावी. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. जीपसारख्या काही गाड्यांत ताकद मागच्या चाकांना मिळते. तेथे उलटे करायचे. मागची सरळ पुढे, आणि पुढची बाजू बदलून मागे. काही टायरांवर बाण काढलेला असतो. असा टायर डाव्याचा उजवीकडे लावू नये, त्याच बाजूला पुढे-मागे करावा. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला ही अदलाबदल करावी. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात वेगळा आकडा असेल, तर तो खरा मानावा.

अदलाबदलीने रबर वाढत नाही, हेही सांगितले पाहिजे. जेवढे झिजायचे तेवढे झिजणारच. पण चारही टायर सारखे झिजतात. दोन आधी आणि दोन नंतर, असे होत नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना उलटी वाटते. फार दिवस अदलाबदल केली नाही आणि पुढचे टायर अगदी उतरले, तर मागचे चांगले टायर पुढे आणून ते उतरलेले मागे ढकलू नयेत. दोनच नवे टायर घेतले, तर तेही मागेच लावावे. पुढची चाके घसरू लागली तर चालवणाऱ्याला स्टेअरिंगमध्ये कळते. तो वेग कमी करतो. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि सावरायला वेळ मिळत नाही.

चाके काढली की टायर नीट पाहून घ्यावा. एरवी आतली बाजू कोण पाहतो? टायर मधोमध झिजला असेल, तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी आहे. एकच कड झिजली असेल, तर चाक तिरके चालते. मग अलाइनमेंट करून घ्यावे. नुसती पाळी बदलून हे दोष जात नाहीत.

टायरच्या अंगावर त्याचे वयही लिहिलेले असते. अंक इंग्रजी असतात, पण ते ओळखणे अवघड नाही. एका बाजूला चार अंकांचा आकडा शोधा. समजा तो २३१९ असा आहे. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते, त्याला बारीक चिरा पडतात. जुना टायर कोणी नवा म्हणून विकत असेल, तर हा आकडा वाचून दाखवावा.

चाक बसवताना नट एका ओळीत आवळू नयेत. एक इकडचा, एक समोरचा, असे आवळावेत. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा पाना लावून पाहावे. आणि मीटरवरचा आकडा त्याच दिवशी वहीत लिहावा. ५२,००० ला चाके बदलली असतील, तर त्याखाली पुढची पाळी लिहून ठेवावी: ६०,०००.