वकिलातीच्या भिंती आणि आतली माणसं

७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबीतल्या अमेरिकी वकिलातीवर ट्रकबॉम्बचा हल्ला झाला. मुख्य स्फोटाच्या काही क्षण आधी हल्लेखोरांनी हातबॉम्ब फेकला, गोळ्याही झाडल्या. तो आवाज ऐकून, बाहेर काय चाललंय ते पाहायला वकिलातीतली आणि शेजारच्या इमारतींतली माणसं खिडक्यांपाशी गेली आणि स्फोट होताच त्याच काचांनी त्यांना फाडून काढलं. नैरोबीत २१३ जीव गेले, कित्येकांची दृष्टी गेली. आवाज येताच खिडकीपासून लांब व्हायचं आणि जमिनीवर पालथं पडायचं, एवढं एक अंगवळणी पडलेलं असतं तर त्यांतले काहीजण कदाचित बचावले असते. या हल्ल्यानंतर अमेरिकेने नव्या वकिलाती आवाराच्या हद्दीपासून किमान शंभर फूट आत बांधण्याचा कायदा केला आणि बांधकामावर प्रचंड पैसा ओतला. ते गरजेचंच होतं. पण आतल्या माणसांच्या तयारीसाठी मात्र पैसा नेहमी उशिरा, हात आखडून आणि बहुतेकदा कुणाचा तरी बळी गेल्यावरच सुटत आला आहे.

लिबियातल्या बेनगाझीने हेच दाखवलं. ११ सप्टेंबर २०१२ च्या रात्री अमेरिकी राजदूत ख्रिस स्टीव्हन्स आणि त्यांचे सहकारी शॉन स्मिथ हे निवासातल्या सुरक्षित मानलेल्या भागात होते. हल्लेखोरांनी डिझेल ओतून आग लावली आणि दोघे धुराने गुदमरून गेले. धोक्याच्या ठिकाणी जाणाऱ्यांचं प्रशिक्षण वाढवा, असं टॉमस पिकरिंग यांच्या चौकशी मंडळाने सांगितलं. त्यासाठी व्हर्जिनियातल्या फोर्ट पिकेटची जागा परराष्ट्र खात्याने २०११ मध्येच निवडली होती. तरी केंद्र सुरू व्हायला २०१९ उजाडलं. मधली वर्षं खर्चाच्या वादात गेली. जॉर्जिया राज्यातल्या सरकारी केंद्रातच सोय करा, ते स्वस्त पडेल, असा आग्रह होता आणि सुमारे ४१ कोटी डॉलरच्या खर्चाबद्दल करदात्याने जाब विचारणं रास्तच होतं. पण वॉशिंग्टनजवळची जागा, क्वांटिकोच्या मरीन सैनिकांबरोबरचा सराव आणि रात्री-बेरात्री स्फोट घडवता येतील असं मोकळं रान, या गरजा स्वस्त पर्यायात भागत नव्हत्या. फोर्ट पिकेटच्या केंद्रात अधिकारी शिकतात ते पाठलाग ओळखणं, अडवलेल्या रस्त्यातून गाडी काढणं, रक्तस्राव थांबवणं, धुरातून बाहेर पडणं. हे पुस्तकातून येत नाही, हातांना सवय व्हावी लागते.

प्रशिक्षणाने ट्रकबॉम्ब थोडाच अडतो, असा आक्षेप असतो. तो खराच आहे. ७ जुलै २००८ ला काबूलच्या भारतीय दूतावासाच्या दारात स्फोट झाला. दूतावासातले अधिकारी ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि व्ही. व्यंकटेश्वर राव तिथे मारले गेले; तशा क्षणी कुठलंही कौशल्य पुरत नाही. पण स्फोट, अपहरण आणि पाठलाग हे धोके वेगवेगळे आहेत, आणि भिंत सर्वांत दुबळी ठरते ती माणूस भिंतीबाहेर असताना. मुत्सद्द्याचं काम तर बाहेरच असतं. त्याला आवारात कोंडून ठेवलं तर तो सुरक्षित राहील, पण ज्यासाठी त्याला पाठवलं ते काम होणार नाही.

फक्त धोकादायक देशांपुरतं शिकवा, ही काटकसरही फसवी आहे. पुण्यातला म्हात्रे पूल ज्यांच्या नावाचा आहे ते भारतीय मुत्सद्दी रवींद्र म्हात्रे ३ फेब्रुवारी १९८४ ला पळवले गेले आणि नंतर मारले गेले, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये. त्या शहराला तेव्हा कोण धोक्याचं ठाणं म्हणालं असतं?

मला सर्वांत अस्वस्थ करते ती निधीतली आणखी एक उणीव. नैरोबीच्या २१३ मृतांत अमेरिकी फक्त बारा होते. बाकी जवळपास सगळे केनियाचेच, आणि त्यांत वकिलातीत नोकरी करणारेही पुष्कळ. फाटकावरचा पहारेकरी, चालक, व्हिसाच्या खिडकीवरचा कारकून हे तिथेच राहतात. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. व्हर्जिनियातलं मोठं केंद्र प्रामुख्याने बदलून जाणाऱ्यांसाठी आहे. पुढचा पैसा ठाण्यावरच, स्थानिक भाषेत, या माणसांना शिकवण्यावर खर्च व्हायला हवा, आणि तो दरवर्षीच्या अंदाजपत्रकातच धरलेला असायला हवा.