पडद्यावरचा ‘ळ’

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या काळे मावशी सकाळी सकाळी हातात मोबाईल घेऊन दारात उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानावरच्या मथळ्यापासून आतल्या निधनवार्तांपर्यंत वाचून काढणाऱ्या, आणि छपाईची चूक दिसली तर आम्हाला ती आवर्जून दाखवणाऱ्या. त्या म्हणाल्या, “काय ओ सर, हे काय म्हणतंय बघा की जरा. तीनदा केलं, तीनदा मला बाहेर काढलं.”

एका खात्याकडे त्यांना अर्ज करायचा होता. पूर्वी हा अर्ज कागदावर असे. कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसणारा लेखनिक तो मराठीत लिहून देई, खाली मावशी स्वतः सही करीत. आता तो संकेतस्थळावर भरायचा. तिथे भाषा दोन, इंग्रजी आणि कन्नड. मावशी बाजारात कन्नड फाडफाड बोलतात, भाजीवालीशी घासाघीसही कन्नडमध्येच करतात. पण ती लिपी त्या कधी शिकल्या नाहीत. इंग्रजी मुळाक्षरे ओळखतात, एकेक लावून वाचतातही. तसे वाचत वाचत त्या चौथ्या रकान्यापर्यंत पोचेपर्यंत पडद्यावर सूचना येई की वेळ संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. “मला वाचाय येतंय ओ,” मावशी म्हणाल्या, “पण ह्याच्यापुढं बसलं की मी अडाणी होते.”

हे वाक्य मनातून जाईना. साक्षर माणसाला निरक्षर करून टाकणारे यंत्र आपण दारोदार पोचवले आहे, आणि दोष मात्र माणसाला देतो. आजींना जमत नाही, आजोबांना समजत नाही, नातवाला बोलवा, असे घरोघर चालते.

दोष माणसाचा की वस्तूचा, हा प्रश्न काही नवा नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. त्यात दारांची चर्चा आहे. ढकलायचे दार माणूस ओढू लागला तर वेंधळा तो नव्हे, तर ज्याने ढकलायच्या दाराला ओढायची मूठ बसवली तो, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. हेच नॉर्मन १९९३ साली अ‍ॅपल कंपनीत गेले आणि तिथे त्यांनी आपल्या हुद्द्यात ‘युजर एक्स्पीरिअन्स’ हे शब्द घातले. मराठीत त्याला वापरकर्त्याचा अनुभव म्हणतात. शब्द जडच आहे. साध्या भाषेत सांगायचे तर वस्तू वापरताना माणसाला काय सोसावे लागते, त्याचा विचार. पुढे याकोब नील्सन यांनी १९९४ साली पडद्यांची पारख करण्यासाठी दहा कसोट्या मांडल्या. त्यांतली दुसरी अशी की, यंत्राने वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावे, त्याच्या ओळखीच्या शब्दांत बोलावे. नील्सन यांच्या मनात तेव्हा तांत्रिक परिभाषा विरुद्ध रोजची भाषा एवढाच भेद असावा. आमच्या भागात हे वाक्य शब्दशः लागू पडते.

हा विचार आपल्याकडे परदेशातूनच आला असेही कुणी समजू नये. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवावी. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशात साक्षरता सुमारे १८ टक्के. मतदार कोट्यवधी, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उमेदवाराचे नाव वाचता येत नव्हते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मतदारांना आधी शिकून या असे सांगितले नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चिन्ह चिकटवले. मतपत्रिकेवर काही लिहायचे नाही. आपल्या चिन्हाच्या पेटीत ती टाकायची, संपले. व्यवस्था मतदारापर्यंत वाकली. याच्या उलटचे उदाहरण अमेरिकेतच घडले. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच परगण्यात मतपत्रिकेवर नावे दोन्ही बाजूंना आणि भोके मधल्या रांगेत, अशी मांडणी केली होती. गोर यांना मत द्यायला गेलेल्या पुष्कळांनी ब्युकॅनन यांच्यापुढचे भोक पाडले. ब्युकॅनन यांना त्या परगण्यात ३,४०७ मते पडली आणि फ्लोरिडाचा निकाल लागला अवघ्या ५३७ मतांनी. मांडणीतल्या चुकीची किंमत केवढी असू शकते ते यावरून दिसते. शिकलेल्या देशातही.

आता आपल्या लिपीकडे येऊ. संगणकावर देवनागरी आणण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि पुढे ते १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावेळी एक गोष्ट फार दूरदृष्टीने केली. भारतीय लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एका घडणीची आहे हे धरून त्यांनी सर्वांसाठी एकच संकेतावली आणि एकच कळफलक मांडला. त्यालाच इन्स्क्रिप्ट म्हणतात. १९९१ साली भारतीय मानक म्हणून त्यावर शिक्कामोर्तब झाले. या कळफलकावर ज्या कळीवर देवनागरी ‘क’ आहे, त्याच कळीवर कन्नडचा ‘क’ आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. म्हणजे मराठी टंकलेखन शिकलेल्या मुलाची बोटे कन्नडवर बसायला फारसा वेळ लागत नाही. बेळगावसारख्या गावाला याहून उपयोगी वस्तू कोणती? पण आपल्याकडे मराठी शिकलेल्यांची बोटे जुन्या टंकयंत्राच्या वळणाची. कर्नाटकात के. पी. राव यांचा इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर बेतलेला कळफलक सरकारमान्य झाला. आणि आता मोबाईलवर तर जो तो इंग्रजीत लिहून मराठी उमटवतो. असो.

१९९० च्या दशकात ज्यांनी मराठीत संगणकावर काम केले त्यांना फाँटचा जाच आठवत असेल. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, त्यातल्या अक्षरांचे क्रमांक वेगळे. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की पडद्यावर मुंग्यांची रांग. मराठी संकेतस्थळे सुरू झाली तेव्हा पहिल्याच पानावर सूचना असे की, आधी फाँट उतरवून घ्या, मग वाचा. किती वाचक त्या उंबरठ्यावरूनच परत गेले असतील त्याची गणती कुणी केली नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालचीच, आणि तिच्यात भारतीय लिप्यांची मांडणी याच भारतीय संकेतावलीवरून घेतलेली. पण ती सामान्य माणसाच्या टेबलावर पोचली विंडोज २००० च्या वेळेस. त्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली तयार झाला होता.

तरीही मराठीचे असे काही राहूनच जात होते. ‘बॅट’ मधला ‘ॅ’ आधीपासून होता, पण शब्दाच्या सुरुवातीचा ‘ॲ’ हा स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला २००८ साली. तोवर ‘अ’ वर चंद्र चढवायचा आणि पुष्कळ यंत्रांवर तिथे ठिपक्यांचे वर्तुळ बघत बसायचे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे आपण बालपणापासून ज्या वळणाने गिरवतो ते वळण वेगळे आणि संगणकावर सरसकट दिसते ते उत्तरेकडचे वेगळे. महाराष्ट्र सरकारने २००९ साली शासन निर्णय काढून मराठी वळण निश्चित केले. पडद्यावर मात्र अजूनही बहुधा हिंदी ‘ल’ च भेटतो. मुलांना वाटू लागले आहे की शाळेतल्या फळ्यावरचाच चुकीचा असेल.

चंद्रकोरीच्या रफाराचे तसेच. ‘आचार्यास’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा भेद हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या पुष्कळ सोयींत त्याची कुणाला आठवणच होत नाही. इन्स्क्रिप्टवर तो आहे. शिफ्ट धरून ‘र’ ची कळ दाबायची, मग हलन्त, मग पुढचे व्यंजन. पण हे सांगणारा कुणी भेटला तर!

आणि जिथे मराठीचा पर्याय दिलेला असतो तिथली मराठी पाहावी. इंग्रजी वाक्ये यंत्रातून काढून जशीच्या तशी चिकटवलेली. एका ठिकाणी भरलेली माहिती राखून ठेवण्याच्या बटणावर ‘वाचवा’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. कुणाला वाचवा, असा प्रश्न कोणालाही पडेल. दुसरीकडे मुखपृष्ठावर परत जाण्यासाठी ‘घर’. ‘आपले सत्र कालबाह्य झाले आहे’ हे वाक्य तर सर्वत्र आहे. ‘वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा’ असे लिहायला काय हरकत होती? या गोष्टी लिहिणाऱ्याने एकदा, फक्त एकदा, सातवी शिकलेल्या बाईच्या शेजारी बसून तिला तो अर्ज भरताना बघितले असते तर हे शब्द टिकले नसते. या शास्त्रातली मुख्य युक्ती तेवढीच आहे, वापरणाऱ्याच्या शेजारी गप्प बसून बघायचे.

हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूदही आली. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले की जिल्हा, तालुका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. हे सारे ठरले तेव्हा अर्ज म्हणजे कागद होता. कागद काहीही लिहून घेतो. त्यावर मराठीत अर्ज लिहून खिडकीतून आत सरकवता येत होता, कारकुनाने नाक मुरडले तरी पोच घेता येत होती. संकेतस्थळावरचा रकाना मात्र मराठी अक्षर उमटूच देत नाही. तिथे नकार द्यायला कुणी माणूस बसलेला नाही, त्यामुळे भांडायचे कुणाशी हाही प्रश्न. हक्क कायद्याच्या पुस्तकात शाबूत आणि पडद्यावर गायब.

यात कन्नडशी भांडण नाही, हेही सांगितले पाहिजे. कन्नड वाचणाऱ्याला कन्नड मिळालेच पाहिजे, आणि इंग्रजीच्या रकान्यांनी खेड्यातला कन्नड शेतकरीही तेवढाच गांजलेला आहे. तिसरी भाषा वाढवली म्हणून पहिल्या दोन कमी होत नाहीत. पडद्यावर जागा कागदासारखी मोजून मिळत नाही.

आवाजाने लिहिण्याची सोय आली आहे हे खरे. गूगलने २०१७ साली मराठी आणि कन्नडसह आणखी काही भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. मावशींनाही मी ती दाखवली. पण आमच्या मावशींची मराठी बेळगावची. वाक्य मराठीत सुरू होऊन मध्येच एखादा कन्नड शब्द घेऊन येते. यंत्राने त्यातले निम्मे बरोबर ओढले, निम्मे पुण्याच्या वळणावर नेले. मावशी हसल्या. “ह्याला आमचं बोलणं कळत न्हाई, आन् मला ह्याचं.”

शेवटी त्यांचा अर्ज मीच भरला. नावाचा रकाना इंग्रजीत भरण्याची सक्ती, म्हणून काळे हे आडनाव इंग्रजी चार अक्षरांत घातले. यंत्राने त्यावरून कन्नड नाव आपोआप तयार केले. अर्ज गेला, पोच आली, मावशी खूश होऊन घरी गेल्या. संध्याकाळी त्यांचा नातू, जो कन्नड शाळेत पाचवीत आहे, ती पोच घेऊन आला. म्हणाला, “काका, आज्जीचं आडनाव ह्यात ‘कले’ असं आलंय.” आता गंमत पाहा, ‘ळ’ कन्नडमध्येही आहे, अगदी आपल्यासारखाच. मराठीतून थेट कन्नडमध्ये गेला असता तर तो सुखरूप पोचला असता. हरवला तो मधल्या इंग्रजी रकान्यात.

दुरुस्तीचे काय, म्हणून दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन विचारले. खिडकीतल्या बाई सौजन्याने बोलल्या, मराठीतच बोलल्या. नावातल्या दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज आहे म्हणाल्या, तो संकेतस्थळावरच भरायचा, आणि त्यातही नाव इंग्रजीत लिहायचे.