गट्टे बघून टायर घेऊ नका; वजन आणि माप बघून घ्या

पाच-सहा वर्षांपूर्वी गावात बॅटरीवरची दुचाकी आली की पोरं मागे धावायची. आता कुणी वळूनसुद्धा बघत नाही. डेअरीला दूध घालणे, वैरणीचा भारा आणणे, मोटर चालू-बंद करायला रात्री-अपरात्री विहिरीवर जाणे, या कामांना ही गाडी बरी पडते. पेट्रोलचा खर्च नाही, आवाज नाही, घरच्या प्लगवर चार्ज होते. गाडी घेताना आपण बॅटरी किती युनिटची, वॉरंटी किती वर्षांची, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, हे दहा जणांना विचारतो. टायरचे मात्र कोणी विचारत नाही.

टायर आठवतो तो गोटा झाल्यावर. मग आपण तालुक्याला दुकानात जातो आणि सांगतो, "शेतात चालवायची आहे, जरा दणकट दे. मोठ्या गट्ट्यांचा असंल तर बघ." पोरांनी मोबाईलवर डर्ट बाइकचे, म्हणजे कच्च्या रस्त्यावर उड्या मारणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यांनाही तसलाच टायर हवा असतो. दुकानदार देतो. आठ दिवसांनी तक्रार सुरू होते, "साहेब, गाडी पूर्वीगत पळत नाही. बॅटरी उतरली की काय?" बॅटरी ठणठणीत असते. टायर चुकलेला असतो.

तुमची टाकी एक लिटरची आहे

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. मात्र पेट्रोलचे इंजिन त्यातली पाव हिस्सा ऊर्जाच जेमतेम चाकापर्यंत पोहोचवते, बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटरचे तसे नाही. ती बॅटरीतल्या शंभर भागांपैकी ऐंशीच्या आसपास किंवा थोडे जास्त भाग चाकाला देते. आता हिशेब करा. तीन युनिटची बॅटरी असलेल्या गाडीत चाकाला मिळतात सुमारे अडीच युनिट. एक लिटर पेट्रोलमधून मिळतात सव्वादोन. म्हणजे पूर्ण चार्ज केलेली बॅटरी ही एक लिटर किंवा थोडे जास्त पेट्रोल भरलेल्या टाकीसारखी झाली.

पेट्रोलच्या गाडीत आठ-दहा लिटरची टाकी असते. चुकीच्या टायरने पाच-सात टक्के जास्त पेट्रोल खाल्ले तर कळतही नाही, पंप दिसला की आपण भरून घेतो. इलेक्ट्रिक गाडीत तेवढाच तोटा लगेच दिसतो. सकाळी दूध घालून, बाजार करून, संध्याकाळी रानात जाऊन घरी येईपर्यंत जी बॅटरी पुरायची, ती ओढ्याच्या अलीकडेच लाल दिवा दाखवते. शिवारात चार्जिंगचा पंप नसतो. मग शंभर-सव्वाशे किलोची गाडी अंधारात ढकलत आणावी लागते.

वजन कुठे आहे, याला महत्त्व

गाडीवर ठेवलेले एक किलो ओझे आणि टायरमधले एक किलो वजन सारखे नसते. ओझे फक्त पुढे न्यायचे असते. टायर पुढेही न्यायचा असतो आणि गरगर फिरवायचाही असतो. शिवाय टायर चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेला असतो. त्यामुळे गाडी जाग्यावरून उचलताना टायरमधले एक किलो जवळजवळ दोन किलोइतके जड पडते. पाणंद रस्त्यावर आपण एका वेगाने चालतच नाही. खड्डा आला, ब्रेक, म्हैस आडवी आली, ब्रेक, पुन्हा उचल. प्रत्येक उचलीला हे वजन नव्याने फिरवावे लागते.

कुणी म्हणेल, दोन्ही चाकांचे मिळून चार-पाच किलो झाले, त्याने काय बिघडते? एवढ्याने बॅटरी संपत नाही, हे खरे. परंतु जड टायर म्हणजे जाड रबर आणि उंच गट्टे. चाक फिरते तसा प्रत्येक गट्टा जमिनीवर दबतो, वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. मऊ रानात गट्टे मातीत रुततात, तिथे त्यांचा उपयोग आहे. डांबरी रस्त्यावर ते नुसतेच वाकतात, भरभर झिजतात आणि पावसात वळणावर पकडही कमी देतात. आपली गाडी दिवसातला बराचसा रस्ता डांबरावर किंवा पक्क्या मुरुमावर काढते.

दुसरा मुद्दा दणक्यांचा. चाक जड असेल तर दगडावरून उडालेला टायर जमिनीवर परत टेकायला वेळ लागतो. तेवढा वेळ पकड नसते. गाडी जितकी हलकी तितके हे जास्त जाणवते. परदेशात खेळासाठी आणि रानात फिरण्यासाठी वापरली जाणारी सुर-रॉन लाइट बी ही इलेक्ट्रिक डर्ट बाइक साठ किलोच्या आतली आहे. तिचे मालक टायर घेताना ग्रॅमचा हिशेब करतात, तो याच कारणाने. (अशा नोंदणी नसलेल्या डर्ट बाइका आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीत, हे पोरांना सांगून ठेवा.)

तेव्हा एकाच मापाचे दोन-तीन कंपन्यांचे टायर दुकानात असतील, तर ते तराजूवर ठेवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या. आपण बियाणाची पिशवी वजन करून घेतो, मग टायर का नाही?

धाव बसवणारा लोहार आठवा

आपल्या वाडवडिलांनी लाकडी चाकाच्या बैलगाड्या वापरल्या. चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार आधी चाकाचे माप घ्यायचा, मग धाव तापवून चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. धाव थंड होऊन आवळली की चाक एकजीव. माप सैल झाले तर धाव वाटेत निसटायची, घट्ट झाले तर आरे मोडायचे. रबरी टायर आला, हवा आली, तरी मापाचा नियम तोच आहे.

टायरच्या बाजूवर माप लिहिलेले असते. समजा, ९०/९०-१२ असे लिहिले आहे. पहिले ९० म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर. दुसरे ९० म्हणजे उंची ही रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर. शेवटचे १२ म्हणजे रिंग १२ इंचांची. आता कोणी तुम्हाला ९०/१००-१२ दिला आणि म्हणाला, "बसतोय की, चालतंय," तर रिंगवर तो चढेलही. पण त्याची उंची ९० मिलिमीटर, म्हणजे सगळीकडून ९ मिलिमीटर जास्त. मडगार्ड आणि टायर यांतली फट तेवढीच कमी झाली.

वर सांगितलेल्या लाइट बीला मूळ टायर ७०/१००-१९ या मापाचा असतो. अनेक हौशी मंडळी तिला ८०/१००-१९ चढवतात. त्याने चाक २० मिलिमीटरने मोठे होते, घेर ६३ मिलिमीटरने, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. मोटरच्या दृष्टीने हे कायम वरच्या गिअरमध्ये चालल्यासारखे होय. चढाला ती जास्त करंट ओढते आणि जास्त तापते. काट्यावर वेग दिसतो त्यापेक्षा खरा वेग थोडा जास्त असतो. शिवाय रुंद टायर अरुंद रिंगवर चढवला की त्याची कड आत दाबली जाते, माथा गोल होतो आणि वळणावर गाडी डुलते.

फट कमी झाली तर काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. आमच्या भागात दूध घालणाऱ्या एका तरुणाने मागच्या चाकाला एक माप रुंद, गट्ट्यांचा टायर बसवून घेतला. उन्हाळाभर काही झाले नाही. जुलैत कालव्याच्या कडेने येताना काळ्या रानातला चिखल गट्ट्यांत भरला, तिथून मडगार्डमध्ये गेला, आणि चाक चालता चालता गच्च बसले. गाडी घसरून तो भरावाच्या कडेला पडला. मनगट मोडले, दोन्ही किटल्यांतले दूध कालव्यात गेले. गाडी कालव्यात गेली नाही, आणि तो पोहणारा होता, हे नशीब. मूळ मापाचा टायर असता तरी चिखल चिकटलाच असता. पण चाक गच्च होण्याआधी गाडी जड लागली असती आणि त्याला उतरून काडीने चिखल काढता आला असता.

म्हणून टायर बसवल्यावर चाक हाताने फिरवून बघा. मडगार्ड, मागच्या चाकाला धरणारा चिमटा, ब्रेकची केबल आणि साखळी किंवा पट्टा, या सगळ्यांपासून सगळीकडे निदान बोटभर फट राहिली पाहिजे. दोन माणसे बसवून पुन्हा बघा, कारण ओझ्याने मडगार्ड खाली येते.

हलका म्हणजे कमजोर नव्हे. भार अंक वाचा

हलका टायर घ्या म्हणालो याचा अर्थ कसलाही पातळ टायर घ्या असा नाही. मापाच्या पुढे एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असते, उदाहरणार्थ ५४ जे. हा ५४ म्हणजे ५४ किलो नव्हे. तो भार अंक आहे. ५४ म्हणजे त्या एका टायरला २१२ किलो पेलतात. ५१ असेल तर १९५ किलो, ४७ असेल तर १७५ किलो. 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग.

आता मागच्या चाकावरचा भार मोजा. गाडीच्या वजनातले निम्मे, सुमारे ६० किलो. चालवणाऱ्याचा बराचसा भार, ५० किलो धरा. वीस-वीस लिटरच्या दोन भरलेल्या किटल्या, दुधाचेच ४१ किलो आणि वर किटल्यांचे वजन. झाले दीडशेच्या पुढे. त्यात खड्ड्यांचे दणके. युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० किलोची असते. त्यातल्या दोन गोण्या मागे बांधल्या की हा हिशेब दोनशेच्या पुढे जातो. म्हणून कंपनीने दिला असेल तोच भार अंक किंवा त्याहून जास्त अंकाचा टायर घ्यावा, कमी कधीही घेऊ नये. या अटीत बसणाऱ्या टायरांतला हलका, तो आपला.

जमीन तशी नक्षी

मुरुमाचा किंवा कोकणातल्या जांभ्या मातीचा रस्ता असेल तर मध्यम खोल नक्षीचा, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठी असलेला टायर पुरेसा आहे. रोज मऊ, रेताड रानात चालवायचे असेल तरच गट्टे घ्या, आणि गट्ट्यांमध्ये अंतर मोकळे असलेले घ्या, म्हणजे माती झडते. काळ्या चिकण जमिनीत भर पावसात मात्र कुठलाच टायर उपयोगी नाही. तिथे गाडी बांधावर लावून पायी जाणे हेच शहाणपण.

विजेची मोटर मूठ पिळताच पूर्ण जोर देते, त्यामुळे मागचा टायर निसरड्यावर जागीच फिरतो आणि लवकर झिजतो. ओल्या रस्त्यावर कमी जोराचा मोड ठेवा, मूठ हळू पिळा.

चाक काढताना

बऱ्याच लहान गाड्यांत मोटर मागच्या चाकातच असते आणि तिची वायर आसातून बाहेर येते. पंक्चरवाल्याने चाक हिसका देऊन ओढले तर वायर तुटते, आणि शंभर रुपयांचे काम हजारांत जाते. आधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा, वायरचा जोड नीट सोडवावा, नट आणि वॉशर कोणत्या क्रमाने होते त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. चाक जड असते, दोघांनी धरावे.

दुकानात जाताना

जुन्या टायरवरचे माप, भार अंक आणि ट्यूबचा की ट्यूबलेस हे कागदावर लिहून न्या. आयएसआय मार्क बघा. बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. फार जुना माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, रबर पडून पडूनही कडक होते. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर टायर त्याच बाजूने बसवून घ्या.

आणि हवा. गाडीवरच्या पट्टीवर एकट्यासाठी आणि ओझ्यासाठी किती पौंड हवा ते दिलेले असते. हवा कमी असली की चांगला टायरही बॅटरी खातो आणि दगडावर रिंग चेपते. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी. बाभळीचा काटा दिसला तर लगेच काढावा, पण ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरवाल्याजवळ पोहोचल्यावर काढावा.

टायर दोन-तीन वर्षांतून एकदाच घेतला जातो. त्या दिवशी दहा मिनिटे जास्त गेली तरी चालतील. रोज संध्याकाळी गाडी घरापर्यंत आली पाहिजे आणि माणूस तिच्यावर बसून आला पाहिजे.