उपनगरातील घरात स्पॅनियल पिल्लाचे संगोपन व शिक्षण

शेतीविषयक पत्रिकेत शहरी कुत्र्याला जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. कुत्रा हा मनुष्याने माणसाळविलेला सर्वांत जुना प्राणी होय, आणि गोठ्यातील जनावरांच्या निगेचे बहुतेक नियम त्यालाही लागू पडतात. शिवाय विलेपार्ले, अंधेरी, मुलुंड या भागांतून कुंड्यांतील झाडांबरोबरच पाळीव कुत्र्यांविषयीही आमच्याकडे विचारणा होत असते. त्यांत स्पॅनियल जातीच्या पिल्लाबद्दलचे प्रश्न वारंवार येतात, म्हणून हा लेख.

जुन्या पार्ल्यात बैठी घरे व एकमजली बंगले होते. भोवताली आंबा, फणस, नारळ आणि पुष्कळ ठिकाणी विहीर असे. कुत्रा अंगणात राही, रात्री राखण करी, आणि त्याला मुद्दाम काही शिकविण्याची गरज फारशी कोणाला भासत नसे. गेल्या काही दशकांत बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या, अंगण गेले, आणि कुत्रा सातव्या मजल्यावरील दोन-तीन खोल्यांत राहावयास आला. अंगणात खपून जाणारी सवय येथे खपत नाही. भुंकणे भिंतीपलीकडे ऐकू जाते, दुखऱ्या कानाची दुर्गंधी दिवाणखान्यात पसरते, आणि पिल्लू वर्षाचे होते न होते तोच ते कोणास तरी ‘देऊन टाकण्याची’ भाषा घरात सुरू होते. रस्त्यावर सोडलेले असे कुत्रे फार काळ टिकत नाही, कारण अन्न शोधण्याची व इतर कुत्र्यांच्या टोळीपासून अंग राखण्याची विद्या त्याला अवगत नसते. पहिल्या सहा महिन्यांत त्याला लागलेल्या सवयींवर ते घरात राहणार की नाही हे पुष्कळसे ठरते.

या जातीचा मूळ व्यवसाय ध्यानात घेतल्यास तिचा स्वभाव कळणे सोपे जाते. स्पॅनियल हे नाव स्पेन देशावरून आले असे मानतात. कॉकर ही तिची उपजात वुडकॉक नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी वापरली जाई. झुडपात शिरून पक्षी उठविणे आणि बंदुकीने पाडलेला पक्षी दाताचा व्रण न उमटविता मालकाच्या हाती आणून देणे हे तिचे काम. पूर्ण वाढलेल्या इंग्लिश कॉकरचे वजन साधारण १२ ते १५ किलो आणि उंची सुमारे ३८ ते ४१ सेंटीमीटर असते. त्याच्या नाकाची शक्ती आजही कामी येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय सैन्याने दिल्ली येथे कॅस्पर नावाचा कॉकर स्पॅनियल आणि जया नावाची चिप्पिपराई ही तमिळनाडूतील जातीची कुत्री यांचे प्रात्यक्षिक घडविले होते. घाम व लघवी यांच्या नमुन्यांवरून कोविडचा संसर्ग ओळखण्यास त्यांना शिकविण्यात आले होते. तेच नाक पार्ल्याच्या पदपथावर माशाच्या काट्याकडे आणि कचऱ्याच्या ढिगाकडे ओढ घेते. यात कुत्र्याचा खोडसाळपणा नसून तो आपला पिढीजात धंदा करीत असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. पार्ल्यातील अनेक घरांत मुले परदेशी असून सत्तरी ओलांडलेले आईवडीलच राहतात. त्यांना सोबत व्हावी म्हणून मुले सुट्टीत येऊन एखादे गोजिरवाणे स्पॅनियल पिल्लू भेट देतात व परत जातात. हेतू चांगला, परंतु निवड योग्य नव्हे. हा कुत्रा बारा ते चौदा वर्षे जगतो, त्याला रोज मिळून तासभर तरी चालणे-पळणे लागते आणि त्याचे केस विंचरण्यासाठी दररोज खाली वाकावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायांत घुटमळणारे पिल्लू पाडूही शकते. अशा घराने वयाने प्रौढ, शांत स्वभावाचा देशी कुत्रा दत्तक घ्यावा, असे माझे मत आहे.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आणू नये. २०१७ च्या श्वानप्रजननविषयक नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. आई व भावंडे यांच्या सहवासात पिल्लू दातांचा जोर आवरण्यास शिकते. हा धडा चुकलेले पिल्लू पुढे घरातील मुलांचे हात ओरबाडते. शक्य तेथे पिल्लाची आई पाहावी आणि तिचे कान हुंगून पाहण्यास संकोच करू नये.

घरातील पहिले दिवस

पिल्लाने शी-शू कोठे करावी हा पहिला प्रश्न. यासाठी मार किंवा नाक घासणे हे उपाय क्रूर तर आहेतच, पण निरुपयोगीही आहेत, कारण झाल्या प्रकाराचा व शिक्षेचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. ते एवढेच शिकते की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करू लागते. उलट, झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर, खेळ संपताच आणि एरवी दिवसा दर दोन तासांनी त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत ही जागा न्हाणीघरात किंवा गच्चीत वर्तमानपत्र अंथरून करावी. काम झाल्याबरोबर, म्हणजे एक-दोन सेकंदांच्या आत, शाबासकी व बारीकसा खाऊ द्यावा. एवढे नेमाने केल्यास बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत सुधारतात. रात्री मात्र एकदा उठावे लागते, आणि ते कोणी उठावयाचे हे घरात अगोदर ठरवावे.

लसींचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत मिश्र लस देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात व पुढे पुन्हा टोचतात. जंतांचे औषधही प्रथम दर पंधरा दिवसांनी द्यावे लागते, कारण पिल्लाच्या पोटातील गोल जंत लहान मुलांनाही बाधतात.

पण लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवणे हेही हिताचे नाही. सुमारे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या गोष्टी निर्धास्तपणे स्वीकारते. पुढे तेच दार बंद होऊ लागते. म्हणून त्याला कडेवर घेऊन फिरवावे. पार्ल्यात या शिक्षणाची साधने विनामूल्य आहेत. विमानतळ शेजारी असल्याने डोक्यावरून विमाने जातात, स्थानकाजवळ गाड्यांचा खडखडाट असतो, भाद्रपदात ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके वाजतात. विमान जाताना हातातून एखादा आवडता घास द्यावा. मोठ्या आवाजाजवळ एकदम नेऊ नये. आवाज दूर असताना सुरुवात करून हळूहळू अंतर कमी करावे. छत्री, शिरस्त्राण घातलेला टपालवाला, काठी टेकणारे आजोबा, लिफ्टचे सरकते दार यांचीही ओळख अशीच करून द्यावी.

शब्द एक, माणसे अनेक

आमच्या घरांत कुत्र्याला शिकविताना एक अडचण नेहमी दिसते. आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो, आणि वडील ‘बस बस, पुरे झाले’ असे दूरदर्शनाकडे पाहून म्हणतात. त्यातच कोणी ‘बस आली का’ म्हणून विचारतो. अशा स्थितीत पिल्लाने कोणाचे ऐकावे? ‘बस’ हा शब्द मराठी घरात दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो, म्हणून आज्ञेसाठी तो सोईचा नाही. ‘खाली’ किंवा ‘सिट’ यांपैकी एक शब्द निवडावा व तो कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावा. ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ हे आणखी तीन शब्द आले की घरगुती कुत्र्याचे निम्मे शिक्षण झाले.

धडा पाच मिनिटांहून लांबवू नये. दिवसातून तीन-चार वेळा घ्यावा, आणि जेवणाआधी घेतल्यास अधिक लाभ होतो. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागावू नये, नख कापू नये किंवा कोंडू नये. त्या नावडत्या कामासाठी आपण स्वतः उठून पिल्लाकडे जावे.

स्पॅनियलला तोंडात वस्तू धरून मिरविण्याची उपजत हौस असते. चप्पल पळविली म्हणून घरातील सर्वांनी मागे धावणे म्हणजे त्याच्या दृष्टीने उत्तम खेळ होय. जबडा उचकटून वस्तू ओढून घेतल्यास कालांतराने तो वस्तूवर पंजा ठेवून गुरगुरू लागतो, आणि या जातीत चावण्याचा आरंभ पुष्कळदा येथूनच होतो. त्याऐवजी हाती खाऊ घेऊन ‘सोड’ म्हणावे, अदलाबदल करावी आणि वस्तू निरुपद्रवी असल्यास ती परतही द्यावी. दिलेली वस्तू कायमची जात नाही असा विश्वास बसला की ते आपण होऊन हातात आणून देते.

केस व कान

गाईबैलांना खरारा करणाऱ्या शेतकऱ्यास विंचरण्याचे महत्त्व सांगावयास नको. स्पॅनियलचे केस रेशमासारखे मऊ असल्याने कानांमागे, काखेत, जांघेत आणि पायांच्या झालरीत त्यांच्या जटा होतात. रोज दहा मिनिटे तारेच्या ब्रशाने व नंतर धातूच्या कंगव्याने विंचरावे. कंगवा कातडीपर्यंत जाऊन अडल्याविना बाहेर आला पाहिजे. स्नान नेहमी विंचरल्यानंतर घालावे. जट तशीच ठेवून पाणी घातल्यास ती नमद्यासारखी घट्ट बसते व कापावीच लागते. तीन-चार आठवड्यांतून एकदा स्नान पुरे. माणसांचा साबण वापरू नये, कारण कुत्र्याच्या त्वचेचा आम्ल-विम्लपणा माणसाहून निराळा असतो.

पावसाळ्यानंतर आश्विन-कार्तिकात मोकळ्या जागी फिरवून आणल्यावर पाय तपासावेत. आघाड्याचे दाणे केसांत अडकतात. ते केवळ त्रासदायक असतात. कुसळ मात्र घातक. त्याचे टोक एका दिशेनेच सरकते. ते बोटांच्या बेचक्यातून कातडीखाली किंवा कानातून आत शिरते आणि गळू करते. पंजाखालील केस कात्रीने आखूड ठेवल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो.

या जातीत सर्वांत अधिक हाल कानांचे होतात, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहितो. कुत्र्याच्या कानाची नळी प्रथम खाली उतरते आणि मग आतल्या बाजूस वळते. त्यामुळे आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही. त्यावर स्पॅनियलची जड, केसाळ पाळी झाकणासारखी पडलेली असते. मुंबईच्या आषाढ-श्रावणातील दमट हवेत अशा बंद, उबदार जागी बुरशी व जंतू झपाट्याने वाढतात. कुत्रा डोके झटकू लागला, कान जमिनीवर घासू लागला, आंबूस वास आला किंवा तपकिरी मळ दिसला, तर त्याच आठवड्यात पशुवैद्यकाला दाखवावे. उपेक्षा केल्यास झटकून झटकून पाळीत रक्त साकळते आणि नळी जाड होत जाऊन अखेर शस्त्रक्रियेची पाळी येते. दुखरा कान असलेला गरीब कुत्राही डोक्याला हात लावताच चावतो, आणि घरचे लोक तो ‘बिघडला’ असे म्हणतात.

प्रतिबंध सोपा आहे. कानाच्या वरच्या भागातील आतील बाजूचे केस दर महिन्यास कातरावेत, म्हणजे हवा खेळते. आठवड्यातून एकदा पशुवैद्यकाने दिलेल्या द्रवाने कान भिजवून मुळाशी हलके चोळावे, कुत्र्याला डोके झटकू द्यावे, आणि वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसाने टिपावा. काडी आत घालू नये. घरातील वडीलधारी माणसे लसूण घालून कोमट केलेले तेल सुचवितात. ते कुत्र्याच्या कानात घालू नये, कारण तेलाने ओलावा कोंडतो. जेवणासाठी उभट व अरुंद तोंडाचे भांडे घेतल्यास कान अन्नात बुडत नाहीत.

नखे दोन-तीन आठवड्यांनी कापावीत व आतील गुलाबी शीर टाळावी. चुकून रक्त आल्यास तुरटीची पूड दाबून धरावी.

गोचीड, विषे आणि पाणी

गोचीड केवळ रक्त पीत नाही. तापाचे जंतूही तीच कुत्र्याच्या रक्तात सोडते. तिची पुष्कळशी पिढी कुत्र्याच्या अंगावर नसून भिंतीच्या फटीत व पलंगाच्या सांध्यांत असते, म्हणून घरही स्वच्छ करावे लागते. गावाकडून आणलेले गोठ्यात वापरावयाचे गोचीडनाशक पिल्लावर ओतणे हा जीवघेणा प्रकार आहे. बैलाच्या वजनासाठी ठरविलेली मात्रा चार किलोच्या जिवाला कशी सोसावी? पूर्वी घरोघर गॅमेक्झीनची भुकटी वापरीत. त्यातील बीएचसीवर देशात १९९७ पासून बंदी आहे. एखाद्या माळ्यावर जुना डबा असल्यास तो उघडू नये.

गोगलगायींसाठी वापरल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांबद्दलही इशारा देणे माझ्या खात्याचे काम आहे. २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा मोठा उपद्रव झाला, तेव्हा हे औषध पुष्कळांच्या परिचयाचे झाले. इमारतींच्या बागांतही ते पावसाळ्यात टाकले जाते. कुत्री या गोळ्या आवडीने खातात व थोड्याच वेळात त्यांना झटके येऊ लागतात. उंदरांच्या विषाचेही तसेच. खाल्ल्याची शंका आल्यास औषधाचे वेष्टन घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडून बाई साकरबाई पेटिट प्राणिरुग्णालय आहे. स्वयंपाकघरातील कांदा, लसूण, बेदाणे व चॉकलेट हीदेखील कुत्र्यास विषेच होत. पार्ल्यात बिस्किटाची सवय लावणे सोपे, सोडविणे कठीण. ते बोटाच्या पेराएवढे, बक्षीस म्हणूनच द्यावे.

२६ जुलै २००५ रोजी पार्ल्याला लागून असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग माणसांना व कुत्र्यांना होतो. तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्याला चालवू नये. नेणे भागच पडल्यास घरी येताच पाय धुऊन पूर्ण कोरडे करावेत. याची लस दरवर्षी द्यावी लागते. ती रोगाच्या सर्व प्रकारांना पुरत नाही, म्हणून लस दिली तरी ही काळजी सुटत नाही.

कुत्रा पाळण्यास बृहन्मुंबई महानगरपालिकेचा परवाना लागतो. कोणास चावा किंवा ओरखडा झाल्यास, कुत्रा घरचा व लस टोचलेला असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी कूपरसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. इमारतीत कुत्रा पाळण्यास गृहनिर्माण संस्थेला सरसकट बंदी करता येत नाही, असे भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये कळविले आहे. तरी लिफ्टमध्ये शेजारी असल्यास पट्टा आखूड धरून पिल्लाला कोपऱ्यात बसवावे, आणि शेजाऱ्यास भीती वाटत असेल तर लिफ्ट त्यांना देऊन आपण पुढच्या खेपेची वाट पाहावी.