मुक्कामी गाडीचा हिशोब

‘एसटी तोट्यात का?’ यावर एक लेख हवा, असं संपादक म्हणाले. तोट्याचा आकडा शोधायला कुठे जावं लागत नाही. जून २०२५मध्ये निघालेल्या श्वेतपत्रिकेत सरकारनेच तो मांडला आहे: संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर. हा तोटा रस्त्यावर कसा दिसतो ते मला बघायचं होतं, म्हणून सोलापूर विभाग निवडला. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा, कुर्डुवाडी, अकलूज, सांगोला आणि मंगळवेढा अशी नऊ आगारं, आणि जिल्हा जवळपास पंधरा हजार चौरस किलोमीटरचा. दक्षिणेला कर्नाटक, वायव्येला उजनी धरणाचं पाणी आणि मधोमध पंढरपूर. एसटीच्या मागे लागू शकतात तितक्या बहुतेक कटकटी या एका विभागात सापडतात.

अधिकृत इतिहास दर १ जूनला वर्तमानपत्रांत छापून येतोच. १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी सुटली, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. राज्य झाल्यावर १९६१मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आलं, मग ‘गाव तिथे एसटी’ची घोषणा. आज ३१ विभाग आणि २५१ आगारं आहेत. या इतिहासात चालक-वाहकांची नावं पहिल्या दिवसापुरती येतात, पुढे सगळे अध्यक्ष आणि मंत्री.

मी अडकलो ते मुक्कामी गाडीपाशी. आगाराच्या कागदांत तिची नोंद ‘रात्रवस्ती’ अशी असते. संध्याकाळी तालुक्याहून सुटायचं, रात्री शेवटच्या गावात थांबायचं आणि पहाटे तिथूनच परत निघायचं. ऐकायला साधं वाटतं, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की त्यातली हुशारी कळते. चाळीस किलोमीटरवरचं गाव धरा. बाजार, कोर्ट, दवाखाना, कॉलेज उरकून माणसं संध्याकाळी गावाकडे निघतात, आणि सकाळी दूध, भाजी, विद्यार्थी तालुक्याकडे. रात्री माणसं उतरवून गाडी आगारात परतली, तर ती चाळीस किलोमीटर रिकामी धावते. पहाटे मुलांना आणायला पुन्हा चाळीस किलोमीटर रिकामी जाते. ऐंशी किलोमीटरचं डिझेल, टायरची झीज आणि चालकाचे दोन-तीन तास, सगळं बिनतिकीट. गाडी गावातच ठेवली की हे सगळं वाचतं, आणि त्या बदल्यात मोजायची ती दोन माणसांची एक रात्र आणि तिचा भत्ता. हे वेळापत्रक ज्याने कुणी पहिल्यांदा आखलं, त्याला मी मानतो.

या योजनेचा सांधा मात्र नाजूक आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती सांगितली होती. रात्री नऊला पोहोचणं आणि सकाळी सहाला निघणं यात बरोबर नऊ तास बसतात. वाटेत टायर पंक्चर झाला, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली किंवा तालुक्याच्या स्टँडवर पुण्याची उशिरा आलेली गाडी गाठायला दहा माणसं धावत आली, की तो वेळ झोपेतून जातो. सकाळी सहाची वेळ हलवता येत नाही, कारण शाळेची घंटा एसटीला विचारून वाजत नाही.

ज्या वाहकाबरोबर मी अक्कलकोट तालुक्यात गेलो, त्याचं नाव इथे नाही आणि गावाचंही नाही. गावाचं नाव छापलं तर ड्युटीच्या तक्त्यावरून त्याला शोधायला पाच मिनिटं लागणार नाहीत. गाव सीमेलगत आहे आणि गाडीत मराठी-कन्नड दोन्ही चालते, एवढं पुरे. ‘मागं सरका, मागं सरका’ करत तो तिकिटं फाडायच्या जुन्या सवयीने यंत्राचा कागद ओढून फाडतो. एखादी म्हातारी वाट अडवून उभी असली की तोच आवाज मऊ करून म्हणतो, ‘हिंद होग्री अव्वा.’ पासवाल्या मुलांना पास विचारत नाही. नवा चेहरा दिसला तरच विचारतो, आणि तेव्हाही आधी ‘कुणाचा रे तू?’ त्याच्या सीटखाली मेडिकलमधून आणलेली औषधाची पिशवी होती, तिचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून दिले होते. दाराशी वाइंडिंग करून आणलेली पाण्याची मोटार होती. तिचं लगेज मात्र त्याने रीतसर फाडलं. कारण विचारलं तर म्हणाला, औषध हलकं असतं, मोटार नाही. चेकिंगवाल्यांना मोटार दिसते.

गाडी देवळापुढच्या पटांगणात लागली. चालकाने ती पुढे-मागे करत तोंड उताराकडे केलं आणि मागच्या चाकाला दगड लावला. बॅटरी जुनी आहे. सकाळी सेल्फ लागला नाही तर दगड काढायचा, गाडी उतारावर सोडायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची. सपाट गावात मुक्काम असला तर मग ढकलायला पोरं शोधावी लागतात. उताराची जागा सोडून दुसरीकडे गाडी लावायला तो कुणाला हात लावू देत नाही. मिरवणुकीचा मांडव तिथे पडणार म्हटल्यावर सरपंचांशी त्याचं एकदा वाजलंही होतं.

मग वाहकाने डोम लाइटखाली हिशोब काढला. यंत्र बेरीज देतं, पण रोकड मोजून वेबिलावर लिहायची ती हातानेच. दहाच्या नोटांची गड्डी, विसाची गड्डी, सुटी नाणी रुमालात. मुक्कामी वाहकाची दिवसभराची रोकड रात्री त्याच्या उशाशी असते, आगाराच्या तिजोरीत नाही. ती हरवली तर भरपाई त्याच्याकडून. तिकिटाचं यंत्र चार्ज व्हायला देवळातल्या एकुलत्या सॉकेटला लावलं. रात्री वीज गेली तर सकाळी यंत्र मान टाकतं आणि पिशवीतली जुन्या पद्धतीची कागदी तिकिटं बाहेर निघतात. यूपीआयने तिकीट मिळतं खरं, पण नेटवर्क शेवटच्या वळणाच्या अलीकडेच सुटतं.

झोपायची तऱ्हा अशी: मच्छरदाणीचे दोन कोपरे वरच्या दांड्याला, दोन खिडकीच्या गजांना, आणि अंथरूण मागच्या लांब बाकावर. चालक पुढे, दोन बाकांमधल्या वाटेत. जुन्या गाड्यांच्या टपाला शिडी असायची, उन्हाळ्यात वर झोपता यायचं. या गाडीला शिडी नाही, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्रा मध्यरात्रीपर्यंत गरम असतो. खाली झोपावं तर डिझेलची टाकी राखायला गाडीपासून लांब जाता येत नाही. जेवण घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाजी रोज कुणी ना कुणी आणून देतं. तेवढ्या बाबतीत गाव उदार आहे. वेशीवर हागणदारीमुक्त गावाचा फलक आहे, घराघरांत संडास झालेत, पण चालक-वाहकांनी पहाटे पाचला कुणाचं दार वाजवायचं? ते बाटली घेऊन ओढ्याकडे जातात.

सकाळी गाडी भरली ती मुलींनी. पाठोपाठ कापडात बांधलेले डबे आले, प्रत्येकावर मार्करने नाव आणि फोन नंबर. सोलापुरात खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांचे. ते चालकाच्या मागच्या बाकाखाली एका रांगेत लागले.

आता यातलं गणित पाहा. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत. बाकीच्या विद्यार्थ्यांचा मासिक पास दोन तृतीयांश सवलतीचा. १७ मार्च २०२३पासून सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट, आणि त्याआधी ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना काहीच तिकीट नाही. या सवलती मला चुकीच्या वाटत नाहीत. मुलींनी भरलेली ती गाडी बघितल्यावर कुणालाच वाटणार नाहीत. पण दिवसातल्या सगळ्यात भरलेल्या फेरीला वाहकाच्या पिशवीत सगळ्यात कमी रोकड पडते. फरक सरकार महामंडळाला देणं लागतं आणि ते पैसे वेळेवर येतातच असं नाही. शिवाय रात्रीच्या शेवटच्या फेरीचं भारमान कमी असतंच. साहेबांच्या टेबलावर दोन फेऱ्या दोन वेगळ्या ओळींत जातात. संध्याकाळची ओळ ‘तोट्यात’ म्हणून कापली की सकाळची फेरी आपोआप मरते, कारण पहाटे रिकामी गाडी कोण पाठवणार? मुक्कामी गाडीचा हिशोब फेरीनिहाय मांडणं हीच मुळात चूक आहे. मला या विभागात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

कापायला निमित्तंही भरपूर मिळाली. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीने चाकं थांबली. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस एसटीच्या राज्य सरकारमधल्या विलीनीकरणासाठी संप सुरू झाला तो एप्रिल २०२२पर्यंत ओढला. एवढ्या काळात गावं गप्प बसत नाहीत. ज्याला जमलं त्याने मोटरसायकल घेतली, बाकीचे वडापमध्ये, म्हणजे खासगी जीपमध्ये, कोंबले गेले. संपानंतर पुण्या-मुंबईच्या फेऱ्या आधी सुरू झाल्या, मुक्काम शेवटी, आणि कित्येक ठिकाणी झालेच नाहीत. वडापवाला गाडी भरल्याशिवाय हलत नाही आणि रात्री आठनंतर येत नाही, पण कमाईच्या वेळा तो बरोबर उचलतो. एसटी मात्र प्रत्येक तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला भरते. एका हाताने सवलतीचे पैसे उशिरा द्यायचे आणि दुसऱ्या हाताने कर घ्यायचा, असा हा व्यवहार. जानेवारी २०२५मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, त्याआधी ऑक्टोबर २०२१मध्ये १७.१७ टक्क्यांनी. दर वेळी वडापचा धंदा थोडा आणखी वाढला, असं स्टँडवर कुणीही सांगेल.

त्यात गाड्याच कमी. कोरोनाआधी राज्यात अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्या संख्येपासून महामंडळ अजून लांब आहे. नवी गाडी आली की ती आधी लांब पल्ल्याला जाते. तिथे घासून-पुसून झाली की खेड्याच्या वाट्याला येते. म्हणजे सगळ्यात खराब रस्त्यावर सगळ्यात जुनी गाडी. आषाढीला तर राज्यभरातून पाच हजारांवर जादा गाड्या पंढरपूरसाठी निघतात, चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल अशी तात्पुरती बसस्थानकं उभी राहतात, आणि ते काम एसटी खरोखर देखणं करते. पण त्या दिवसांत विभागातल्या गावांनी आपल्या नेहमीच्या गाडीची वाट पाहायची नसते, हे सगळ्यांना पाठ आहे.

रस्त्यांची कथा ऋतूप्रमाणे बदलते. दिवाळीनंतर कारखाने पेटले की उसाच्या जोड-ट्रॉल्या, त्यांना मागे दिवे नाहीत. पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी आत येतात आणि खिडकीतल्या माणसाला हात आत घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२५मध्ये सीना फुगली तेव्हा पुण्याचा राष्ट्रीय महामार्गसुद्धा लांबोटीपाशी बंद ठेवावा लागला; बंधाऱ्यावरून जाणाऱ्या गावरस्त्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. करमाळ्याच्या बाजूला प्रश्न उलटा, तिथे पाणी बारमाही आहे. उजनीच्या फुगवट्याने समोर दिसणारं इंदापूर रस्त्याने फार लांब गेलं, म्हणून माणसं बोटीने जातात. २१ मे २०२४ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले.

सीमेवरची गंमत निराळी. महाराष्ट्राची अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढे पूर्ण भाडं. कर्नाटकाने ११ जून २०२३पासून आपल्या स्त्रियांना आपल्या हद्दीत प्रवास मोफत केला. एकाच घरातल्या सासू-सुनांची माहेरं हद्दीच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे ‘कुठल्या गाडीने, कुठपर्यंत’ हा त्यांच्यात रीतसर चर्चेचा विषय असतो. भाषेवरून कुठे मारहाण झाली की दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीवर थांबतात. फेब्रुवारी २०२५मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गला एसटीच्या चालकाला मारहाण झाल्यावर तसंच झालं. ज्याचा त्या भांडणाशी काही संबंध नाही असा अक्कलकोटचा रुग्ण तेव्हा कलबुर्गीच्या दवाखान्यात कसा जातो, हे कुणी विचारत नाही.

आणि आता विजेच्या गाड्या येत आहेत. येऊ द्या, शहरांना त्या हव्यातच. पण ज्या गावात तिकिटाचं यंत्र देवळातल्या सॉकेटवर चार्ज होतं तिथे बस कशावर चार्ज करणार? डिझेलची जुनी गाडी भंगारात गेली आणि तिच्या जागी फक्त विजेची आली, तर मुक्काम कुणी निर्णय न घेताच बंद पडतील.

मुक्कामी फेऱ्यांना तोट्याच्या यादीतून बाहेर काढून सरकारने त्यांचे पैसे किलोमीटरमागे वेगळे द्यावेत. ते मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. पण एक काम गावाच्या हातात आहे. तुमच्या गावाला मुक्कामी गाडी येत असेल, तर येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली रात्री उघडी, गाडी तिच्या दारात, दोन पलंग, एक पंखा, यंत्र लावायला सॉकेट, नळ आणि कुलूप नसलेला संडास. खोलीच्या चाव्या ज्याच्याकडे राहतील त्या माणसाचं नावही ठरावातच लिहा.